रतीब, खाडे आणि ॲपचं अंदाजपत्रक

नाशिकच्या इंदिरानगर, गंगापूर रोड भागात सहाशे घरांना रतीब घालणारा एक दूधव्यावसायिक समजा. रोजचं साडेसातशे लिटर दूध, चार लाईनी, चार पोरं आणि हिशेबाच्या चार वह्या. पहाटे चारला टेम्पो येतो, सातच्या आत दूध दारात पोचतं. धंदा चोख आहे. दुखणं आहे ते महिनाअखेरीचं. गिऱ्हाईक म्हणतं, "आम्ही १२ ते १८ गावाला होतो, तुमच्या पोराला सांगितलं होतं." पोरगा म्हणतो, मला १४ पासून सांगितलं. दोन दिवसांचे पैसे कमी करून विषय मिटवावा लागतो, आणि असे विषय दर महिन्याला शंभरेक घरांत मिटवावे लागतात. मग कॉलेजात जाणारा पुतण्या सुचवतो, "काका, आपण ॲप करून घेऊ. लोक स्वतःच खाडा टाकतील."

कल्पना चांगली आहे. काका दोन-तीन ठिकाणी फोन करतात. एक जण चाळीस हजार सांगतो, दुसरा एक लाख ऐंशी हजार, तिसरा आठ लाख. काकांना वाटतं, यातला एक तरी लबाड असणार. बहुतेक वेळा तिघेही प्रामाणिक असतात. तिघांनी तीन वेगळ्या वस्तूंचे भाव सांगितलेले असतात. पहिल्याच्या मनात गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचे पाच स्क्रीन आहेत. दुसऱ्यानं त्यात पोरांच्या हातातलं ॲप आणि काकांच्या कॉम्प्युटरवरचं हिशेबाचं पान, म्हणजे ज्याला ही मंडळी ॲडमिन पॅनेल म्हणतात, ते धरलं आहे. तिसऱ्यानं आयफोनसाठीचं ॲप, ऑनलाइन पेमेंट, नकाशे आणि वर्षभराची देखभालही मोजली आहे. विचारणाऱ्यानं "दुधाचं ॲप" एवढंच सांगितलं, म्हणून ज्याला जे दिसलं त्याचा भाव त्यानं दिला.

या सगळ्यात माझं म्हणणं एकच आहे, आणि बाकीचं प्रकरण त्याभोवती आहे. ॲपचं बजेट ॲप करणाऱ्याच्या कोटेशनवरून ठरवायचं नसतं. ते आपल्या वहीतून काढायचं असतं. धंद्यातली नेमकी कोणती गळती या ॲपनं थांबणार, तिची महिन्याची किंमत किती, आणि तीन वर्षांत ती किती होते, हा आकडा आधी हातात हवा. कोटेशन त्यानंतर उघडायचं.

काकांच्या वहीतून तो आकडा काढून पाहू. यातले दर उदाहरणादाखल धरले आहेत. वाचताना आपले दर त्या जागी घालावेत. साडेसातशे लिटर, ६४ रुपये दर, म्हणजे रोजचा गल्ला ४८,००० आणि महिन्याचा १४ लाख ४० हजार. खरेदी, पोरांचे पगार, डिझेल, बर्फ सगळं वजा जाता लिटरमागे ६ रुपये सुटतात असं धरू. महिन्याला १ लाख ३५ हजार. आता गळती. खाड्यांच्या वादात बिलाचा एक टक्का सोडून द्यावा लागतो: १४,४००. गिऱ्हाईक सांगायला विसरलं आणि दार बंद, म्हणून रोज पाच लिटर परत येतं. ते पनीरवाल्याला लिटरमागे १५ रुपये कमी घेऊन द्यावं लागतं: महिन्याला २,२५०. वह्या उतरवायला आणि वसुलीला एक माणूस अर्धवेळ: ५,०००. बेरीज २१,६५०.

ॲप आलं की हे सगळं शून्यावर येईल, अशी आशा धरू नये. काही आजी-आजोबा ॲप वापरणार नाहीत, काही घरं खाडा टाकायला विसरतीलच, आणि वसुलीचा माणूस पूर्ण कमी होणार नाही. अर्धी गळती थांबली तरी मोठी गोष्ट. म्हणजे महिन्याला साधारण १०,८०० रुपये, वर्षाला १ लाख ३० हजार, तीन वर्षांत ३ लाख ९० हजार. ही झाली कमाल मर्यादा. ॲपवर तीन वर्षांत सगळं मिळून याहून जास्त खर्च झाला, तर ते ॲप कितीही देखणं असलं तरी काकांच्या खिशातून चालणार. तीनच वर्षं का, तर त्यानंतर धंदा, मोबाइल आणि गिऱ्हाइकाच्या सवयी इतक्या बदललेल्या असतात की बराचसा भाग नव्यानं करावा लागतो, असं धरून चालणं शहाणपणाचं.

आता मधलं, एक लाख ऐंशी हजारांचं कोटेशन उघडू. सॉफ्टवेअरच्या कोटेशनमध्ये शेवटी दोनच गोष्टी असतात: माणसाचे दिवस आणि दिवसाचा दर. १ लाख ८० हजार म्हणजे तीन हजार रुपये रोजानं साठ दिवसांचं काम. त्यामुळे "थोडं कमी करा" म्हणून घासाघीस करण्यापेक्षा "हे साठ दिवस कुठे कुठे जातात ते लिहून द्या" असं म्हणावं. जो लिहून देतो त्यानं काम समजून घेतलेलं असतं. एकरकमी आकड्यावर अडून बसणाऱ्याकडे मी तरी काम देणार नाही.

दिवस कुठे जातात ते कळण्यासाठी एकच बटण जवळून पाहू: "उद्या दूध नको." बाहेरून पाहिलं तर अर्ध्या दिवसाचं काम. आता प्रश्न विचारत जा. खाडा किती वाजेपर्यंत टाकता येईल? दूध रात्री अकराला बुक होतं, म्हणजे वेळ त्याआधीची हवी; समजा रात्री नऊ. सव्वानऊला टाकला तर चालणार नाही असं सांगायचं, की घ्यायचा आणि पैसे लावायचे? गिऱ्हाइकानं १२ ते १८ असा खाडा टाकला आणि १६ लाच परत आलं, तर उरलेले दिवस रद्द कसे होतील, आणि ते पोराला कधी कळेल? एका घरात सकाळी गायीचं अर्धा लिटर आणि संध्याकाळी म्हशीचं एक लिटर जातं. खाडा दोन्हींचा की एकाचा? कोजागरीला प्रत्येक घरी जादा दूध लागतं. ते याच बटणाच्या शेजारी की वेगळीकडे, आणि जादा दुधाला मर्यादा किती, कारण टेम्पोत तेवढंच दूध आहे? पोरगा दारात गेला, खाडा नव्हता, पण दाराला कुलूप. त्यानं नोंद काय करायची, आणि त्या दिवसाचे पैसे कोणाच्या नावावर? आणि सगळ्यात अवघड: ११ तारखेला दुधाचा दर दोन रुपयांनी वाढला. महिन्याचं बिल १० पर्यंत जुन्या दरानं, पुढे नव्या दरानं, मधले खाडे वगळून, जादा दूध धरून निघालं पाहिजे. ज्यानं वहीवर हे बिल वर्षानुवर्षं काढलं आहे त्याला हे सगळे नियम तोंडपाठ असतात. इतके की ते नियम आहेत हेच त्याच्या ध्यानात राहत नाही. ॲप लिहिणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. सांगितलं नाही, तर तो स्वतःच्या समजुतीनं काहीतरी ठरवतो, आणि ते महिनाअखेरीला बिलात दिसतं. मग दुरुस्ती, मग जादा बिल.

म्हणून बजेटमधली पहिली रक्कम कोडिंगवर खर्च होऊ नये. ती हे नियम कागदावर आणण्यावर व्हावी. काकांनी, त्यांच्या लाईनवरच्या सगळ्यात जुन्या पोरानं आणि वसुलीच्या माणसानं चार संध्याकाळी एकत्र बसावं, गेल्या वर्षभरातले वाद आठवावेत आणि प्रत्येक वादाचा निकाल एका ओळीत लिहावा. पंधरा-वीस पानांची वही होईल. या वहीला पैसे पडत नाहीत. पण ती घेऊन तेच तीन फोन पुन्हा केले, तर चाळीस हजार आणि आठ लाख ही दरी बरीच मिटते, कारण आता तिघंही एकाच वस्तूचा भाव सांगत असतात.

हे फक्त आपल्याकडच्या छोट्या कामांचं दुखणं नाही. अमेरिकेतले बॅरी बोम यांनी १९८१ साली सॉफ्टवेअरच्या अर्थशास्त्रावर जे पुस्तक लिहिलं, त्यात हे आलेखानं दाखवलं आहे: काम नुसतं कल्पनेच्या पातळीवर असताना केलेला खर्चाचा अंदाज चौपट कमी किंवा चौपट जास्त निघू शकतो, आणि काय करायचं ते जसजसं स्पष्ट होत जातं तसतशी ही तफावत आवळत जाते. त्याआधी १९७५ साली फ्रेड ब्रूक्स यांनी, आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड कामाच्या अनुभवावरून, आणखी एक गोष्ट लिहून ठेवली होती. उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर जादा माणसं लावली की ते आणखी लांबतं, कारण जुन्यांचा वेळ नव्यांना समजावण्यात जातो. दिवाळीच्या आत ॲप हवं म्हणून सप्टेंबरात "दोन माणसं वाढवा, पैसे देतो" असं म्हणण्याचा मोह होतो तेव्हा हे आठवावं. तिथे पैसे वाढवण्याऐवजी काम कमी करावं.

आता तीन वर्षांचा खर्च मांडू. करण्याचे १ लाख ८० हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३२,४००. इथे दूधवाल्याची गोष्ट किराणावाल्यापेक्षा वेगळी आहे. जीएसटी भरणारा दुकानदार हे ३२,४०० रुपये आपल्या विक्रीच्या करातून वळते करून घेऊ शकतो. ताज्या दुधावर जीएसटी नाहीच. त्यामुळे नुसतं दूध विकणाऱ्याला वळतं करायला कुठली बाजूच नसते आणि ही सगळी रक्कम खर्चात जाते. उलट, सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला एरवी नोंदणी सक्तीची नसते आणि तो जीएसटी लावत नाही. एकट्यानं काम करणाऱ्या जाणत्या माणसाचं कोटेशन दूधवाल्याला स्वस्त पडतं, त्यामागे हेही एक कारण असतं. तूपही विकत असाल तर हिशेब बदलतो. तो सीएकडे बसूनच करावा.

पुढे सर्व्हर, डोमेन, मेसेज धरून महिन्याला १,५०० रुपये. तीन वर्षांचे करासह ६३,७२०. देखभाल. सॉफ्टवेअरच्या धंद्यात करण्याच्या खर्चाच्या पंधरा ते वीस टक्के दरसाल देखभालीला धरण्याची पद्धत आहे. पहिलं वर्ष करारात बसवून घेतलं असं समजू. पुढच्या दोन वर्षांचे ३६ हजारांप्रमाणे करासह ८४,९६०. शिवाय न सुचलेल्या गोष्टींसाठी वीस टक्के राखीव, करासह ४२,४८०. सगळी बेरीज ४ लाख ३ हजार ५६०.

आणि मर्यादा होती ३ लाख ९० हजार.

म्हणजे हे ॲप काकांना परवडत नाही. कोटेशन वाजवी आहे, करणारा माणूस चांगला आहे, कल्पना योग्य आहे, तरी सहाशे घरांच्या धंद्याला हे ॲप तीन वर्षांत आपला खर्च भरून देत नाही. त्यातही पहिले सहा महिने फायदा जवळजवळ नसतो, ते तर इथे धरलेलंच नाही. वहीचा हिशेब आधी केला नसता तर हे दोन वर्षांनी कळलं असतं.

पण याच मांडणीत धंदा पंधराशे घरांचा धरा. गळती अडीचपट होते, थांबणारी रक्कम महिन्याला २७ हजारांवर जाते, तीन वर्षांत पावणेदहा लाख होते. ॲप करायचा खर्च मात्र जवळपास तेवढाच राहतो. सर्व्हर आणि मेसेजचे थोडे वाढतात, इतकंच. सहाशे घरांसाठी लिहिलेलं बिलाचं गणित पंधराशे घरांना तसंच चालतं. त्यामुळे छोट्या व्यावसायिकानं मोठ्या कंपनीचं ॲप पाहून "आपल्यालाही असंच हवं" म्हणू नये. तिचा खर्च लाखो गिऱ्हाइकांवर वाटला जातो, आपला सहाशेंवर.

सहाशे घरांच्या काकांनी मग काय करावं? इथे मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो प्रश्न असा: गळती नेमकी कुठे होते, गिऱ्हाइकाच्या हातात की पोराच्या हातात? वाद नीट पाहिले तर बहुतेक पोराच्या नोंदीवरून होतात. गिऱ्हाईक फोनवर सांगतं, दारात सांगतं, व्हॉट्सॲपवर टाकतं; ते वहीत उतरत नाही. म्हणजे गिऱ्हाइकासाठी ॲप न करता, पोरांच्या मोबाइलवर उघडणारं एक साधं वेब पान आणि काकांसाठी बिलाचं पान एवढंच केलं तरी बराच भाग साधतो. गिऱ्हाईक पूर्वीसारखंच एका ठरावीक व्हॉट्सॲप क्रमांकावर खाडा कळवतं. घरातलं कोणीतरी रात्री नऊपर्यंत ते नोंदवतं. पहाटे पोराला घरांची यादी मिळते आणि प्रत्येक दारात तो फक्त "दिलं" किंवा "नाही" दाबतो. हे पंचवीस दिवसांचं काम. करासह ८८,५००. सर्व्हर लहान, महिन्याला ८००. देखभाल आणि राखीव धरून तीन वर्षांचे साधारण पावणेदोन लाख. थांबणारी गळती महिन्याला १०,८०० ऐवजी ७,५०० धरली तरी तीन वर्षांत २ लाख ७० हजार. इथे नव्वद हजारांहून अधिक उरतात. वेब पान असल्यानं प्ले स्टोअरची गरज नाही, आयफोन-अँड्रॉइड हा प्रश्नही नाही.

तिसरी वाट तयार सॉफ्टवेअरची. रतीब आणि बिलं सांभाळणारी तयार ॲपं महिन्याच्या भाड्यानं मिळतात. दोन हजार भाडं धरलं तर करासह तीन वर्षांचे ८५ हजार. त्यात आपला एखादा नियम बसत नाही, बिलाचा कागद आपल्या मनासारखा निघत नाही. तरीही मी काकांना आधी तीन महिने हेच वापरायला सांगेन. आपले कोणते नियम खरोखर आपले आहेत आणि कोणते नुसती सवय आहेत, हे कळण्याचा तो सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. घेण्यापूर्वी एकच गोष्ट तपासावी: गिऱ्हाइकांची यादी आणि जुनी बिलं एक्सेलमध्ये बाहेर काढता येतात का. येत नसतील तर घेऊ नये.

मोठ्यांनाही हा धडा मिळाला आहे. कपडे विकणाऱ्या मिंत्रानं मे २०१५ मध्ये वेबसाइट बंद करून फक्त ॲपवर विक्री ठेवली. २०१६ मध्ये आधी मोबाइल वेबसाइट आणि मग जूनमध्ये पूर्ण वेबसाइट परत आणावी लागली. हाताशी एवढी माणसं आणि पैसा असलेल्या कंपनीलाही सगळी गिऱ्हाइकं ॲपवर नेता आली नाहीत, तर आपण सहाशे घरांतली सगळी नेऊ, असं गृहीत धरून बजेट करू नये.

ज्यांची घरं पंधराशे आहेत आणि ज्यांना गिऱ्हाइकाचं ॲप खरोखर परवडतं, त्यांच्यासाठी आता खर्चाच्या काही जागा. यातल्या काही लहान दिसतात पण चावतात, काही मोठ्या वाटतात पण नसतात.

प्ले स्टोअरची नोंदणी एकदाच २५ डॉलर. ॲपलची दरवर्षी ९९ डॉलर, नूतनीकरण चुकलं की ॲप स्टोअरवरून उतरतं. भारतात बहुसंख्य मोबाइल अँड्रॉइड आहेत, म्हणून सुरुवात तिथून करावी. मात्र आपल्या लाईनवर किती आयफोन आहेत ते पोरांकडून विचारून घ्यावं, कारण उच्चभ्रू सोसायट्यांत हे प्रमाण वेगळं असतं. वैयक्तिक नावानं नवं प्ले खातं काढलं तर ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान बारा जणांकडून सलग चौदा दिवस चाचणी करून घ्यावी लागते. संस्थेच्या नावानं काढलं तर डी-यू-एन-एस हा व्यवसायाचा ओळख क्रमांक लागतो. पैसे फार नाहीत, वेळ मात्र जातो. पाडव्याला उद्घाटन ठरवलं असेल तर महिनाभर आधीची तयारी हवी. गुगल, ॲपल पंधरा ते तीस टक्के कापतात, ही भीती अनेकांना असते. ती कपात मोबाइलमध्येच वापरल्या जाणाऱ्या डिजिटल वस्तूंवर असते. दूध, किराणा, कपडे, इस्त्री अशा खऱ्या वस्तू आणि सेवांवर नसते.

पेमेंट मात्र खरोखर चावतं. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर व्यापाऱ्याला एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे कापलं जाणारं शुल्क, नाही. पण ॲपमध्ये पैसे आपोआप जुळावेत म्हणून पेमेंट गेटवे घेतला की कार्डांवर साधारण दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि यूपीआयवरही गेटवे आपलं सेवाशुल्क लावू शकतो. काकांचा सगळा गल्ला असा गेला असता तर १४ लाख ४० हजारांवर करासह ३४ हजार रुपये, म्हणजे १ लाख ३५ हजारांच्या नफ्यातला पाव हिस्सा. टक्केवारी गल्ल्यावर लागते आणि आपण जगतो नफ्यावर. दुधासारख्या बारीक नफ्याच्या धंद्यात हा फरक बजेट उलथवतो. बिलाच्या संदेशात आपला यूपीआय क्यूआर पाठवून पैसे आल्याची नोंद हातानं करणं, हे पुष्कळ दिवस पुरतं.

ओटीपीच्या एसएमएससाठी दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे डीएलटी या नोंदणी-व्यवस्थेवर व्यवसायाची, प्रेषकनावाची आणि मजकुराच्या साच्याची नोंदणी लागते. शुल्क आणि आठवडाभराचा वेळ धरावा. नकाशा ॲपच्या आत बसवला की वापराप्रमाणे बिल येऊ शकतं. पत्त्यावर बोट ठेवल्यावर पोराच्या मोबाइलमधला नेहमीचा गुगल मॅप उघडणं फुकट असतं आणि तेवढंच लागतं.

देखभाल टाळून पैसे वाचवता येत नाहीत, कारण ॲप आपण हात लावला नाही तरी जुनं होतं. गुगल दरवर्षी नव्या अँड्रॉइडशी जुळवून घेण्याची अट पुढे सरकवतं: ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या ॲपना आणि जुन्यांच्या सुधारणांना अँड्रॉइड १५ धरून बांधणी सक्तीची झाली. जी ॲपं फार मागे राहतात ती नवा मोबाइल घेतलेल्या नव्या गिऱ्हाइकाला स्टोअरवर दिसतच नाहीत. रतीब लावायला आलेल्या माणसाला ॲप सापडलं नाही, तर काय बिघडलं हे तो आपल्याला सांगत बसत नाही.

मालकीच्या बाबतीत मी फार आग्रही आहे. प्ले स्टोअरचं खातं, डोमेन, सर्व्हर आणि कोड ठेवण्याची जागा ही चारही आपल्या ईमेलवर, आपल्या नावानं पहिल्या दिवसापासून हवीत. करणाऱ्याला तिथे काम करण्यापुरता प्रवेश द्यावा. शिवाय पैसे दिले म्हणजे कोड आपला झाला, हा समज कायद्यात टिकत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पगारी नोकरानं नोकरीत लिहिलेलं काम सहसा मालकाचं असतं; बाहेरच्या माणसाकडून ठेक्यानं लिहून घेतलेल्या कोडचा पहिला हक्कदार मात्र लिहिणाराच. हक्क आपल्याकडे यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी यावा लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असं कलम १९ धरतं. करारात "कायमस्वरूपी, जगभरासाठी" हे शब्द घालून घेणं आणि त्यासाठी वकिलाला दोन-तीन हजार देणं, ही बजेटमधली सगळ्यात फळणारी ओळ आहे.

आणि एक जागा, जिच्याबद्दल कोटेशनमध्ये बहुधा अवाक्षर नसतं. खाड्यांची यादी म्हणजे कोणती घरं कोणत्या तारखांना बंद असणार याची यादी. वहीत ती एका लाईनपुरती होती, आणि पोराच्या खिशात होती. ॲपमध्ये ती सगळ्या घरांची एका ठिकाणी येते, पत्ता आणि फोन नंबरासह. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले त्याचे नियम ही माहिती सांभाळण्याची जबाबदारी आपल्यावर टाकतात. कायदा नसता तरी ज्या घरानं विश्वासानं "आम्ही आठ दिवस नाही" असं सांगितलं, त्या घराशी आपलं काही नातं आहे. म्हणून पोराला फक्त आजची, त्याच्या लाईनची यादी दिसेल, पुढचे खाडे दिसणार नाहीत. काम सोडलेल्या पोराचा प्रवेश त्याच दिवशी बंद होईल. जुने खाडे बिल फिटल्यावर पुसले जातील, हे तीन नियम वहीत लिहून त्यांचे तीन-चार दिवस कोटेशनमध्ये वेगळे मोजून घ्यावेत. इथे घासाघीस करू नये.

पैसे देण्याची पद्धतही बजेटचाच भाग आहे. सुरुवातीला पाव रक्कम. मग "पन्नास टक्के काम झालं" असल्या शब्दांवर पैसे न देता, आपल्या मोबाइलवर चालवून पाहता येईल अशा तुकड्यांवर. आधी पोराची यादी, मग खाडे, मग बिल. शेवटचे पंधरा टक्के एका पूर्ण महिन्याची बिलं वहीशी पैन् पै जुळेपर्यंत राखून ठेवावेत. त्यासाठी तो महिना वही आणि ॲप दोन्ही चालवावी लागतात, पोरांना रोज अर्धा तास जास्त लागतो, आणि त्या वेळेचे पैसे त्यांना द्यावेत. महिन्याला चार पोरांचे मिळून पाच-सहा हजार. ॲप चालणार की नाही, हे शेवटी पहाटे साडेपाचला जिन्यात उभ्या असलेल्या पोराच्या हातात असतं. एका हातात कॅन असताना दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं बटण दाबता येतं का, हिवाळ्यात ओल्या बोटांना स्क्रीन दाद देतो का, बेसमेंटमध्ये रेंज गेली तर नोंद टिकते का, हे तोच सांगू शकतो.

शेवटची नोंद थांबण्याची. गिऱ्हाइकाचं ॲप सुरू करतानाच एक तारीख आणि एक आकडा कागदावर लिहावा. सहा महिन्यांनी, निम्म्या घरांनी तरी महिन्यात एकदा ॲपमधून खाडा किंवा जादा दूध नोंदवलेलं असावं, असं काहीतरी. आकडा गाठला नाही तर गिऱ्हाइकाच्या ॲपची देखभाल बंद करून पोरांचं आणि बिलाचं पान चालू ठेवायचं, व्हॉट्सॲप क्रमांक परत सगळ्यांना कळवायचा आणि उरलेली राखीव रक्कम नव्या लाईनच्या कॅनला वळवायची. करणाऱ्याशी केलेल्या करारात हा भाग सुटा करता येईल अशी अट आधीच असावी, म्हणजे त्या दिवशी त्यासाठी वेगळं कोटेशन मागावं लागत नाही.